मागे कोणी नसतं

राया स्वतः ड्रमच्या परीक्षेत तीनदा नापास झाली होती. मैदानात तेलाचे रिकामे ड्रम मांडलेले असतात; एकालाही न शिवता त्यांच्यामधून गाडी मागे न्यायची, मगच लायसन्सचं नाव काढायचं. तिसऱ्या खेपेला दीर हसत म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही गाढव घ्या. त्याला रिव्हर्सच नसतो." ते तिच्या जिव्हारी लागलं. म्हणून मुलगी अठराची झाली तेव्हा तिला शिकवायचं काम रायाने दुसऱ्या कोणाकडे जाऊच दिलं नाही.

बहला गावाच्या बाहेर, खजुरीच्या बागेमागच्या माळावर तिने ड्रम मांडले आणि गाडीच्या मागच्या काचेवर हिरव्या टेपची पट्टी चिकटवली.

"आरशात बघ. ड्रमची कड पट्टीला टेकली की स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. झालं."

"आणि मागे कुणी आलं तर, अम्मा?" घालियाने विचारलं.

"परीक्षेत मागे कोणी नसतं. तू पट्टी बघ."

घालियाला मान वळवून बघायची खोड होती. तिने मान वळवली की राया हनुवटी धरून तिचं तोंड पुन्हा आरशाकडे करायची. मान वळली की हात वळतो, हात वळला की ड्रम पडतो, हे रायाने स्वतःच्या तीन पराभवांतून काढलेलं अनुमान होतं. ते चूकही नव्हतं. घालिया पहिल्याच फटक्यात पास झाली. राया हलव्याची थाळी घेऊन दिराकडे गेली आणि म्हणाली, "घ्या भाऊजी. गाढव विकलं आम्ही."

त्यानंतरच्या एका शुक्रवारी, नमाजाच्या आधी, घालिया फाटकातून गाडी मागे काढत होती. राया दारात उभी होती. शेजारचे नभान काका भिंतीच्या कडेने काठी टेकत मशिदीकडे निघालेले तिला दिसले. आणि मुलीची मानही दिसली. ताठ, सरळ, आरशाकडे रोखलेली. राया ओरडली, पण काचा बंद होत्या.

काकांचं मनगट मोडलं, कंबरेला मुका मार बसला. पोलिसांना घालियाने सांगितलं, "मी नीट बघितलं नाही." दिराला तेच सांगितलं, आजीला तेच. किल्ली तिने आईच्या हातात ठेवली आणि निझवा शहरातल्या कॉलेजात जायचं नाही असं जाहीर केलं. त्यांच्या वस्तीवरून तिकडे बस नव्हती. गाडी नाही तर कॉलेज नाही. राया रोज तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "विसर बाळा, होतं असं." तेवढंच म्हणायची. हिरव्या पट्टीचं नाव काढायची नाही.

मग रीतीप्रमाणे घरचे सगळे काकांकडे माफी मागायला गेले. आतल्या पुरुषांच्या बैठकीऐवजी काकांनी अंगणातच खाट टाकायला लावली होती, त्यामुळे बायकाही बसल्या. कहव्याचे, म्हणजे बिनदुधाच्या कॉफीचे, पेले हातोहाती आले. मागणं मान्य होईपर्यंत ते कोणी तोंडाला लावणार नव्हतं.

दीर म्हणाला, "काका, पोर उतावळी. आजकालची मुलं बघतच नाहीत हो. आमची मान खाली झाली."

घालियाने खरोखरच मान खाली घातली.

"माफ केलं," काका म्हणाले. "प्या आता. हात मोडलाय, कहवा नाही मोडला."

सगळे हसले, प्यायले. रायाचा पेला तसाच भरलेला पुढ्यात.

"काय गं राया, कडू झालाय?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही भलत्याच माणसाला माफ केलंत."

"वहिनी, घरी बोलू," दीर पुटपुटला.

"घरीच तर बोलले नाही मी." आणि तिने सगळं सांगितलं. पट्टी, आरसा, हनुवटी. "ती मागे वळून बघायची. मी तिची ती सवय मोडली."

काकांनी बँडेजवरून बोट फिरवलं. "म्हणजे मी परीक्षेत नव्हतो, म्हणून दिसलो नाही?"

या वेळी कोणी हसलं नाही.

"माझ्यापुरतं मिटलं," ते म्हणाले. "पण इतके दिवस तुझं ओझं वाहिलं या पोरीने. तिने माफ केलं का, ते तिला विचार."

राया घालियाकडे वळली. मुलीच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव असेल असं तिला वाटलं होतं. तिथे राग होता.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मला म्हणत होतीस, विसर." घालियाचा आवाज चिरकला. "डोळे मिटले की मला काकांचा हात दिसतो, अम्मा. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

राया तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तशी घालिया बाजूला सरकली.

"किल्ली दे मला," घालिया म्हणाली. "मी कॉलेजात जाणार. गाडी मी पुन्हा पहिल्यापासून शिकेन, शिकवणारीकडे. तुझ्याकडे नाही."

रायाने थैलीतून किल्ली काढून दिली. मग सवयीने पेला उचलला.

"अजून नको," घालिया म्हणाली.

रायाने पेला खाली ठेवला. काकांच्या सुनेने सगळ्यांचे पेले गोळा केले; तो एक भरलेला तिने तिथेच राहू दिला.