शिवलेली पिंपं

ताईचा स्वभावच संशयी. दूध नासलं की आधी दूधवाल्याकडे बोट. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकाने माप सांगितलं, तरी ती टेप लावून पाहायचीच. त्यामुळे बियांपासून गाड्या चालवायचं तेल काढणारा धाकटा भाऊ गोड गोड बोलत घरी आला, तेव्हाच तिने कान टवकारले.

त्याला तिची झाडांची राई हवी होती. वडिलांनी लावलेली, कारखान्याला लागूनच असलेली, वाटणीत तिच्याकडे आलेली. झाडं काढून तिथे तेलबिया पेरायच्या होत्या. आपल्या तेलाने हवा स्वच्छ राहते, बाहेरच्या इंधनाचा थेंबही लागत नाही, हे त्याचं पालुपद चालूच होतं. ताईने चहा पुढे केला आणि विचारलं, मग कारखान्यामागे डिझेलची पिंपं कशाला?

अडीअडचणीला असतात, असं म्हणत भावाने नजर चुकवली.

"मग एक दिवस त्यांना हात लावू नकोस. शेतातले पंप, ट्रॅक्टर, घाणा, बॉयलर, सगळं तुझ्याच तेलावर चालव. संध्याकाळी विकायला तेल उरलं, तर राई तुझी."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की तिला तेही खटकलं.

ठरल्या दिवशी ताई सकाळीच सुईदोरा घेऊन हजर. प्रत्येक पिंपाला ताडपत्रीची खोळ चढवून तिने तोंड शिवून टाकलं, तेही आपल्या खास दुहेरी टाक्याने. तो उसवून पुन्हा तसाच घालणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग राईकडे पाठ करून तिने पिंपांसमोर खुर्ची टाकली. भाऊ जेवायला बोलवायला आला, तरी ती हलली नाही. हा आपल्याला इथून उठवायला बघतोय, अशी तिची खात्रीच झाली. घाण्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकूही येत नव्हतं.

सकाळभर धुराला तळणाचा वास होता. दुपारनंतर ट्रॅक्टर थांबले, मग पंप. बॉयलरचं धुराडं मात्र चालूच. ताईने टाके तपासले, एकही उसवला नव्हता. पण वास बदलला होता. ओलं लाकूड धुमसावं तसा तो डोळ्यांना झोंबत होता.

ती तडक बॉयलरपाशी गेली. भाऊ घामाघूम होऊन उभा होता.

"तेल पुरलं नाही गं," तो खाली बघत म्हणाला. "निघालं ते काढण्यातच गेलं. बॉयलर विझला असता तर हरलोच असतो. म्हटलं, झाडं तशीही काढायचीच आहेत."

ताईला आधी कळेचना. मग भट्टीच्या तोंडाशी पडलेली जाड फांदी दिसली. तिच्यावर दोर घासून पडलेली खाच होती. वडिलांनी दोघांसाठी झोका बांधला होता, तो तिथेच.

तिने खाचेवरून बोट फिरवलं.

"किती पाडलीस?"

"मोजली नाहीत."

ती पिंपांपाशी परत आली. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून इथे बसली होती आणि एकदाही तिने मागे वळून पाहिलं नव्हतं.