चारीवरचं कुलूप

सार्मिएंतोच्या खोऱ्यात माणसं एकमेकांना घोडा देतील, घरी नेऊन मेंढी खाऊ घालतील, जमलंच तर मुलगीही देतील. पण कालव्याच्या पाण्याची पाळी कुणी कुणाला देत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हर्मिनिया फेंटरने शेजारच्या इसिद्रो मालिकेओला दोघांच्या चाऱ्या, म्हणजे शेतातले छोटे पाट, जोडणाऱ्या तिच्या बांधावरच्या दाराशी खोरं घेऊन उभं पाहिलं, तेव्हा तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. त्या आठवड्यात तिच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी कमी पडलं होतं, आणि इथे हा बाबा चिखलात उभा राहून तिच्या दाराची फळी वर उचलत होता. चोर तो चोर, आणि वर टोपी काढून "शुभ संध्याकाळ, शेजारीणबाई" म्हणाला.

तिने कालवेवाल्यांच्या सभेची वाट पाहिली आणि भर सभेत उभी राहून त्याला पाणीचोर म्हटलं. इसिद्रो उठला. "मी पाणी घेत नव्हतो," तो म्हणाला, "देत होतो." सगळी सभा हसली. कालव्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या ओलेगारिओ पाटकऱ्याला तर हसता हसता खोकल्याची उबळ आली. तेव्हापासून इसिद्रोचं नाव पडलं 'दाते'. बेकरीत गेला की कुणीतरी विचारायचंच, "काय दाते, आज काय वाटताय?" हळूहळू त्याने बेकरीत जाणंच सोडलं. भाजीचं पाणी दुसऱ्या दाराने येत होतं, म्हणून हर्मिनियाने ह्या बांधावरच्या दाराला साखळी घालून कायमचं कुलूप ठोकलं, किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली आणि तिच्यापुरता विषय संपला.

आता तिच्यापुढे दुसराच विषय उभा होता. घराच्या पश्चिमेला पॉपलरची रांग होती, तिच्या नवऱ्याने, कोर्नेलिओने, लग्नाच्या वर्षी लावलेली. तिचे शेंडे वाळत चालले होते. पाणी, चाऱ्या, झाडं हे सगळं कोर्नेलिओचं खातं. हर्मिनिया समुद्राकाठच्या गावातून आलेली, तिला पाणी म्हणजे नळाचं ठाऊक. तो गेल्यावर ती शिकली तेवढं शिकली आणि पाळीचं सगळं पाणी गाजरं-बटाट्यांना घालत राहिली. एवढाली झाडं, त्यांना कोण पाणी घालतं? पण गेल्या वसंतातल्या वाऱ्यात एक वाळकी फांदी थेट खुराड्यावर आली. कोंबडा वाचला, पण तेव्हापासून आरवायचं विसरला. पुढची फांदी घरावर येणार या धास्तीने हर्मिनियाचा डोळा लागेना. शेवटी तिने छातीवर दगड ठेवला आणि हिवाळ्याआधी सगळी रांग पाडून घ्यायचं ठरवलं. कोर्नेलिओचं म्हणून जे उभं होतं ते एवढंच होतं, आणि तेच ती आडवं करायला निघाली होती.

झाडं तोडणारी रुफिना सकाळीच आली. बरोबर तिचा नवरा विसेंते. तो दोर धरतो आणि बोलायचं काम बायकोवर सोडतो.

"सगळी पाडायची?" रुफिनाने मान वर करून विचारलं. "बाई, लाकूड विकून श्रीमंत व्हायचा विचार असेल तर आधीच सांगते. पॉपलर म्हणजे धूर जास्त, जाळ कमी. आमच्या ह्यांच्यासारखं."

विसेंते हसला आणि दोर सोडवायला लागला.

"घरावर पडतील म्हणून भीती वाटते गं," हर्मिनिया म्हणाली. "पहिलं ते खुराड्याकडचं घे. ते पुरतं मेलंय."

रुफिना झाडावर चढली, दोर बांधला, खाली उतरली. ज्या बाजूला पाडायचं तिकडून खाच घेतली, मग मागून करवत चालवली. विसेंतेने दोर ताणला. झाड कुरकुरलं आणि सांगितल्या जागी आडवं झालं. हर्मिनियाने छातीवर क्रूस काढला.

आणि त्या मोकळ्या जागेतून वारा आत घुसला. इतकी वर्षं तो रांगेपलीकडे नुसता घोंघावत होता. आता त्याने वाळत घातलेली चादर उचलली, स्वयंपाकघराचं दार भिंतीवर आपटलं आणि चुलीचा धूर उलटा खोलीत कोंबला. एकाच झाडाची जागा, पण हर्मिनियाला अंगणात धड उभं राहता येईना.

"बघा," रुफिना ओरडली, "सगळी पाडली की घराला दोरच बांधावा लागेल! मी दोन दोर घेऊन आलेय म्हणा."

मग ती खाली वाकली आणि गप्प झाली. रुफिना गप्प झाली म्हणजे काहीतरी आहेच, म्हणून हर्मिनियाही वाकली. बुंध्यावर वर्षावर्षांची कडी दिसत होती, बोटभर रुंद, मजेत वाढलेली. अगदी सालीजवळची शेवटची दोन मात्र केसासारखी बारीक.

"दोन वर्षं उपाशी ठेवलंत की हो ह्याला," रुफिना म्हणाली. "तोवर तर खाऊन-पिऊन सुखी होतं. पाणी का तोडलंत?"

"मी कशाला तोडू? मी ह्यांना कधी पाणी दिलंच नाही. कोर्नेलिओ जाऊन सात वर्षं झाली."

"मग दुसरं कुणीतरी देत होतं."

हर्मिनियाचा हात आपोआप कमरेच्या जुडग्यावर गेला. दोन वर्षं. कुलूप लावून दोन वर्षंच झाली होती. त्या संध्याकाळी तिने फळी उचललेली पाहिली होती, खोरं पाहिलं होतं, इसिद्रोचे चिखलाने भरलेले बूट पाहिले होते. पाणी कोणत्या बाजूला चाललंय एवढंच तिने पाहिलं नव्हतं. गरज काय होती? ह्या खोऱ्यात पाणी एकाच बाजूला जातं, ज्याच्या हातात खोरं त्याच्या.

"रुफिना, बाकीची जगतील?"

"वाळकं काढून टाकते. हिरवं जिवंत आहे अजून. पण जमीन गोठायच्या आत पोटभर पाणी मिळायला हवं, नाहीतर हा कोरडा गारठा त्यांना उभ्या उभ्या सुकवेल. आणि कालवा तर आज संध्याकाळी बंद होतोय."

हर्मिनियाची पाळी मागच्या आठवड्यातच होऊन गेली होती. मोसमातली शेवटची पाळी कुणाची, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ती ओढणीही न घेता निघाली. इसिद्रो आपल्या सफरचंदांच्या आळ्यात पाणी वळवत होता. त्याने तिला पाहिलं आणि खोरं खाली ठेवून दोन्ही हात वर केले.

"ही माझीच पाळी आहे, शेजारीणबाई. ओलेगारिओला विचारा."

हे ऐकून हर्मिनियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही माझ्या झाडांना पाणी देत होतात," ती म्हणाली.

"हिवाळ्याआधीचं एकच."

"का पण?"

"का म्हणजे? ती रांग लावायच्या आधी दर वसंतात माझं छप्पर वाऱ्याने उडून तळ्यात सापडायचं. रांग वाढली तसं छप्पर जागेवर राहिलं. मग ही सफरचंदं धरली. आमची रोसा होती तोवर मुरंब्याच्या बरण्यांनी घर भरायचं. तुमच्या कोर्नेलिओने त्याबद्दल कधी सफरचंदसुद्धा मागितलं नाही. तो गेला, तुम्ही गाजरांच्या मागे लागलात, तेव्हा म्हटलं आपल्या पाळीतलं थोडं तिकडे सोडू."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं की," इसिद्रो म्हणाला. "सभेत."

हर्मिनियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वाऱ्याने आलं म्हणावं तर ती रांगेच्या आडोशालाच उभी होती. "फार वाईट वागले मी. आणि आता तुमच्याचकडे पाणी मागायला आलेय. मागायला तोंड नाही मला."

"तोंडाचं राहू द्या," तो म्हणाला. "किल्ली आणलीत का?"

किल्ली होती, पण कुलूप गंजून दगड झालं होतं. किल्ली फिरेना. इसिद्रोने खोरं उलटं धरलं, तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. दोन घावांत कुलूप चिखलात पडलं. त्याने फळी उचलली आणि पाणी तडकलेल्या चारीत शिरलं, आधी बिचकत, वाळका पाला पुढे ढकलत, मग सरळ. पहिल्या झाडाच्या मुळांशी ते थांबलं आणि तिथल्या तिथे जिरू लागलं. झाडावर बसलेली रुफिना वरूनच ओरडली, "अरे वा! माझं काम गेलं!" मग लगेच, "ऑगस्टात, हिवाळा सरता सरता, ह्याच झाडाची एक ओली फांदी मोकळ्या जागेत खोचा बरं का. पॉपलरची नुसती काठीसुद्धा रुजते."

तेवढ्यात कालव्याच्या बांधावरून मोटरसायकल आली. ओलेगारिओ पाटकरी मोठं दार बंद करायला निघाला होता. दुसऱ्याच्या चारीवर इसिद्रो दिसताच त्याने गाडी थांबवली, आणि त्याचे दात दिसायला लागले.

"काय दाते, पुन्हा सुरू का?"

इसिद्रोने मान खाली घातली. दोन वर्षांची सवय.

"होय, पुन्हा सुरू!" हर्मिनिया एवढ्याने ओरडली की विसेंतेच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. "तो देतोय आणि मी घेतेय! आधीही तो देतच होता, मी आंधळी होते. जा, बेकरीत जाऊन सांग. आणि हसायचं असेल तर माझं नाव घेऊन हस. पुढच्या सभेत मी स्वतः उभी राहून सांगणार आहे."

ओलेगारिओने आधी इसिद्रोकडे पाहिलं, मग चारीत पुढे सरकणाऱ्या पाण्याकडे. पाणी तिच्याच झाडांकडे चाललं होतं. ते पाटकऱ्याला कळायला वेळ लागत नाही. त्याने गाडी बंद केली, बांधावर बसला आणि बराच वेळ लावून सिगारेट पेटवली.

"शेवटच्या झाडापर्यंत पोचायला वेळ लागेल ह्याला," तो म्हणाला. "मोठं दार काय, अंधार पडल्यावरही बंद होतं."

आज एका दिवसात किती जणांनी आपल्याला पाणी दिलं, असं हर्मिनियाला वाटलं. तिला इसिद्रोचे आभार मानायचे होते, नीट, शब्द जुळवून. पुऱ्या तळून बोलवावं, कोर्नेलिओचं नाव काढावं, सगळं एकदम मनात आलं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिने त्याचे चिखलाने भरलेले दोन्ही हात हातात धरले.

"इसिद्रो," ती म्हणाली.

त्याने हात तसेच राहू दिले. मग खाली पाहिलं.

"शेजारीणबाई," तो म्हणाला, "जरा पाय काढा. पाण्याची वाट अडवलीत."