चावीवाल्याला अडवलं ती दुपार

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या शिट्टीनं समोरच्या इमारतीची तावदानं फुटलीत. गल्लीच्या गस्तीत नव्यानं आलेल्या गड्यांना मी हे सांगितलं, तेव्हा ते गळ्यातल्या कोऱ्या शिट्ट्या चाचपत माझ्या बैठकीत बसले होते. आमची ही कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ऐका," मी म्हणालो. भर दुपारी एक अनोळखी माणूस गल्लीत शिरला. असा उंच, की विजेच्या तारा वाकून चुकवायचा. दारोदार थांबून नंबर वाचत होता. पिशवीत वाकड्या तारा, कानस, किल्ल्यांचा घोस. आमचे सुभेदार, म्हणजे एरवी पिठाची गिरणी चालवणारे गृहस्थ, छाती काढून आडवे झाले.

"कुणाकडे?"

"चावीवाला आहे, साहेब. एक बाई न्हाणीघरात पडल्यात, आतून कडी आहे. घर सापडेना. सोडा मला."

"चोर काय स्वतःला चोर म्हणवून घेतो?" मी म्हणालो. सगळे हसले.

त्याला भिंतीशी बसवला. त्याचा फोन सुभेदारांच्या खिशात वाजत राहिला.

"उचला हो, त्यांचाच असेल." त्यानं हात जोडले.

"साथीदार असणार," सुभेदार म्हणाले.

पोलिसांना कळवायचं कुणाला सुचलं नाही. पकडायची हौस सगळ्यांना. सोडायचं कुणी, ते ठरलंच नव्हतं.

शेवटी मीच त्याला पाठुंगळी मारून वाऱ्यासारखा धावलो. घर निघालं शेजारच्या शिवणवाल्या वहिनींचं. न्हाणीघराच्या दाराला करंगळी लावली, तर दार बिजागऱ्यांसकट हातात. आत वहिनी ठणठणीत, केस पुसत उभ्या. "भावोजी, दार कशाला मोडलंत? बसा, चहा टाकते." चावीवाला दोन कप प्याला.

गडी खूश झाले. एकानं शिट्टी ओठांना लावून पाहिली.

हिनं हातातली घडी मांडीवर ठेवली.

"अहो, तो फोन मी करत होते," ती म्हणाली. "न्हाणीघराच्या दाराला टेकून. चावीवाला निघालाय, आता येईल, असं मी सारखं सांगत होते, आणि वहिनी आतून 'हो' म्हणत होत्या. मग 'हो' यायचं थांबलं. चहा कुणी टाकला?"