जुन्या पायावरची भिंत

कोयनेच्या भूकंपात मिशनच्या आवाराची भिंत पडली, ती पुढं तीन-चार वर्षं तशीच पडून राहिली. लोकांनी आपापली घरं सावरली, चर्चवर नवी कौलं चढली, पण चर्चमागच्या कबरस्तानाला कुणी वाली उरला नाही. भिंतीचे दगड शेजारच्या नाथाजीनं गाडीगाडीनं नेले आणि त्यांचा गोठा बांधला. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यांच्या बायका नाथाजीच्या उसात तण भांगलायला जायच्या, मग त्याला दगडाचं विचारणार कोण?

मनुबाईची मुलगी गोवरानं गेली, तिला त्याच कबरस्तानात पुरलं. पोरीला नीट चालताही येत नव्हतं. माती देऊन दोन दिवस झाले नसतील, मनुबाई सकाळी तिथं गेली तर खड्डा उकरलेला. तरस येऊन गेलं होतं. लुगड्याच्या ज्या तुकड्यात पोरीला गुंडाळलं होतं, तो बाभळीच्या झुडपाला अडकला होता. मनुबाईनं तो काढला, जे सापडलं ते गोळा केलं आणि दोन्ही हातांनी माती ओढली. नवऱ्याला हाक मारायलाही ती गेली नाही. त्या दिवसापासून ती येताजाता एकेक दगड उचलून कबरस्तानाच्या कडेला टाकायची.

मनुबाई ख्रिस्ती नव्हती. तिचा नवरा शांतवन गवंडी, तो मिशनचा. वडूजकडं एका कामावर तो दगड बसवायचा आणि ती चुना वाहायची, तिथंच दोघांचं जमलं. लग्न करून तो तिला गावी घेऊन आला तेव्हा तिची आंधळी आई धोंडुबाईही बरोबर आली, कारण म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं. म्हातारीच्या पाटीत मरीआईचा तांदळा होता, शेंदूर माखलेला गोल दगड. मिशननं चर्चची राखण करायला शांतवनला आवारात एक खोली दिली होती. तिच्या मागच्या पडवीत तो तांदळा राहिला आणि म्हातारीला दिसत नाही म्हणून त्याच्यापुढं दिवा मनुबाई लावायची.

अशात सांगलीहून नवे पाळक आले. रत्नाकर पाळक. वय कोवळं, अंग काटकुळं, पण बोलायला लागले की माणसं पाय घासायचं विसरत. पहिल्या रविवारी त्यांनी बायबलातली नहेम्याची गोष्ट घेतली. परक्या राजाच्या दरबारी चाकरी करणारा नहेम्या, आपल्या वाडवडिलांच्या नगराची भिंत पडली आहे हे ऐकून रडला, रजा काढून आला, पडक्या भिंतीभोवती एकटा फिरला आणि लोकांना म्हणाला, उठा, बांधू. ज्यानं त्यानं आपल्या घरासमोरचा तुकडा उचलला. शेजारी हसले, मग धमकावू लागले, तेव्हा लोकांनी एका हातात हत्यार धरलं आणि दुसऱ्या हातानं काम केलं.

"आपली भिंत कुठं आहे?" पाळकांनी विचारलं. "आपल्या मेलेल्यांना कोल्हीकुत्री उकरतात आणि आपण इथं बसून गाणी म्हणतो."

मनुबाई दाराशी बसायची, चपलांजवळ. तिथंच तिच्या डोळ्यांना पाणी लागलं. उपासना सुटल्यावर ती पाळकांपुढं जाऊन उभी राहिली.

"सायेब, त्या भितीच्या कामाला बाया हुत्या का?"

पाळकांनी पुस्तक उघडलं, बोट फिरवत एका जागी थांबले आणि हसले. "होत्या. हा बघ, एका सरदारानं आपल्या मुलींना घेऊन काम केलं असं लिहिलंय."

"मंग मी येनार."

"ये. आणि बाप्तिस्माही घे."

"आय हाय तवर न्हाई, सायेब. तिच्या देवाला दिवा मीच लावती. तिला दिसत न्हाई. ती गेली की घेईन, शब्द देती."

"देव घाई करत नाही," पाळक म्हणाले. मनुबाईनं ते शब्द मनाशी बांधून ठेवले.

दिवाळीनंतर काम निघालं. आधी मनुबाईनं आणि शांतवननं गवत उपटून, माती काढून जुना पाया मोकळा केला. काळ्या दगडाचा, अजून घट्ट. त्याच्यावरच नवी भिंत चढवायची ठरली. दगड ओढ्यातून आणायचे. पुरुष आपापली कामं आटोपून दुपारनंतर यायचे. पंचांचा म्होरक्या लाजरसतात्या खुर्ची टाकून बसायचा. मनुबाई मात्र दिवस उगवला की ओढ्यात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड. एकदा एक दगड सरकला आणि तिच्या डाव्या हाताची करंगळी चेचली गेली. शांतवननं फडकं बांधलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, डावाच हाय," आणि परत ओढ्याकडं निघाली.

नाथाजी बांधावर उभा राहून बघायचा. "मने, त्येंच्यासाठी मरतीस व्हय गं? उद्या तुलाच भायेर काढत्याल." रात्रीतून रचलेला थर ढासळायचा आणि सकाळी तिथं त्याच्या म्हशींचे खूर उमटलेले असायचे. मग मनुबाई पहाटेच खुरपं घेऊन पायाशी बसू लागली. म्हशी सोडायला आलेल्या गड्याला ती म्हणाली, "म्हस पुढं घाल, तिची शेपटी तुझ्या हातात देती." गडी परत गेला. पाळकांनी पुढच्या रविवारी हे भर सभेत सांगितलं. नाव मात्र घेतलं नाही, आपल्यातली एक बहीण असं म्हणाले. बहीण म्हणाले एवढंच मनुबाईनं धरलं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला भिंत पुरी झाली. शांतवननं लोखंडी फाटक बसवलं. सांगलीहून मोठे पाहुणे आले, हार झाले, फोटो निघाला. फोटोत पंच पुढं बसले आणि शांतवन मागं उभा राहिला. मनुबाई चहाच्या चुलीपाशी होती.

काम संपलं आणि पाळकांचं पुस्तक पुढं सरकलं. नहेम्याच्या गोष्टीत मध्येच एक अध्याय आहे. गोरगरीब आपल्याच भावांविरुद्ध रडत येतात आणि नहेम्या त्या भावांना सगळ्यांसमोर खडसावतो. तो अध्याय पाळकांनी घेतला नाही. मनुबाईला वाचता येत नव्हतं, तेव्हा तिला तो ठाऊक व्हायचं कारणच नव्हतं. पाळक थेट शेवटाकडं गेले. भिंत झाल्यावर नहेम्यानं बघितलं की लोकांनी परके देव मानणाऱ्या बायका केल्या आहेत. तो त्यांना शिव्याशाप देतो, काहींना मारतो, त्यांचे केस उपटतो.

"भिंत दगडाची बांधून भागत नाही," पाळक म्हणाले. "आतल्या बाजूला मूर्ती ठेवून बाहेरच्या तरसाला भ्यायचं कशाला?"

मनुबाईनं मान वर केली. सगळी सभा तिच्याकडं बघत होती.

लाजरसतात्या उठला. "शांतवन, पंचांचं ठरलंय. आवारात शेंदराचा दगड चालायचा न्हाई. एक तर हिनं आज बाप्तिस्मा घ्यावा आन् तो धोंडा ओढ्यात टाकावा. न्हाईतर हिनं जावं. न्हाईतर तू खोली सोड."

मनुबाई पाळकांना म्हणाली, "सायेब, तुमी म्हनला हुता देव घाई करत न्हाई."

पाळकांचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, हा माणूस पुस्तक मिटेल. मग त्यांनी लाजरसतात्याकडं बघितलं, पहिल्या बाकावरच्या पंचांकडं बघितलं. "तुला पुष्कळ वेळ दिला," ते म्हणाले.

"म्हातारीचा देव मी कसा टाकू? तिला काय सांगू?"

शांतवन खाली बघत होता. तो वाईट माणूस नव्हता, नुसता भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला चारचौघांत शूर व्हायची घाई असते. लाजरसतात्या म्हणाला, "बाईल आवरत न्हाई व्हय रं तुला?" तसा शांतवन उठला, दाराशी आला आणि त्यानं मनुबाईचा अंबाडा धरला. तिला वाटलं तो उठवतोय, म्हणून ती उठायला लागली. त्यानं ओढलं. चर्चच्या पायऱ्यांवरून, आवारातून, फाटकापर्यंत. मूठभर केस त्याच्या हातात राहिले. तिनं आरडाओरडा केला नाही. फक्त एवढंच म्हणाली, "सोडा, मी चालती." त्यानं ऐकलं नाही. फाटकाबाहेर ती पडली तेव्हा आत कुणीतरी गाणं धरलं आणि सभेनं ते उचललं.

म्हातारीला दोन बायकांनी हाताला धरून बाहेर आणून सोडलं. तिची पाटी लाजरसतात्यानं काठीनं ढकलत आणली, हात न लावता.

त्यांना आसरा दिला नाथाजीनं. बांधावर एक झोपडं पडून होतं ते त्यानं दिलं, भांगलणीचं काम दिलं, त्याची बायको बनुबाई भाकरी घेऊन आली. मनुबाईला याचं नवल वाटलं, पण भुकेल्यानं नवल किती करायचं? झोपड्यातून भिंत दिसायची. भिंतीपलीकडं पोरगी होती. पहिल्या आठवड्यात मनुबाई फाटकापाशी गेली. कुलूप होतं आणि आत शांतवन झाडत होता. ती म्हणाली, "येवढं पोरीपाशी जाऊन येती." त्यानं झाडू भिंतीला टेकवला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

त्या साली पाऊस फिरकलाच नाही. ऊस वाळला, ओढा आटला. कबरस्तानाच्या कोपऱ्यात मिशनची जुनी विहीर होती, तिला तेवढं पाणी राहिलं. मग नाथाजीनं अर्ज दिला की मिशननं भिंत त्याच्या रानात सरकवून बांधली आहे, विहीर मुळात त्याची. महसुलाचा सर्कलसाहेब बघायला येणार असं ठरलं, त्याच्या आदल्या सांजेला नाथाजी झोपड्यापुढं येऊन बसला.

"मने, पाया तू उकरलास. हद्दीचं दगड भुकंपात गेलं. त्येंचा कुनी बोलला तर सायेब इस्वास ठेवायचा न्हाई, माझा बोलला तरी न्हाई. तुला मातूर त्येनी केस धरून काढलंय. तू त्येंच्या बाजूनं खोटं बोलशील असं कुनाला वाटनार न्हाई."

"मी काय बोलायचं?"

"नवा पाया काढला म्हनायचं. रानाकडं सरकून."

नाथाजी पुढं म्हणाला, "भित पडंल. फाटक पडंल. तुझा नवरा रस्त्यावर यील. हे झोपडं तुझ्या आईच्या नावानं करून देतो."

ती काय बोलणार, हे तिचं तिलाही सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. शांतवनच्या मुठीतले केस तिला दिसत होते. पायऱ्यांवरचं प्रत्येक टोक पाठीला आठवत होतं. भिंत पडावी असं तिला वाटलं, अगदी पोटातून वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी सगळे जमले. एका बाजूला पाळक, पंच, शांतवन. दुसऱ्या बाजूला नाथाजी आणि त्याची भावकी. सर्कलसाहेबानं छत्री मिटून विचारलं, "बाई, पाया तुम्ही काढला?"

"व्हय."

"नवा का जुना?"

मनुबाईनं शांतवनकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली. पाळकांचे ओठ हलत होते, प्रार्थना करत असावेत.

"जुनाच हाय," ती म्हणाली. "काळ्या दगडाचा. हितं उकरा, खाली दिसंल."

गड्यानं तिथं उकरलं. हातभर खाली काळा दगड लागला. सर्कलसाहेबानं मान हलवली आणि जीपकडं चालू लागला.

मिशनच्या लोकांनी जागच्या जागी गुडघे टेकले. पाळकांनी डोळे मिटून मोठ्यानं उपकार मानले, की प्रभू, तू शत्रूच्याच तोंडून सत्य वदवलंस. मनुबाई दहा पावलांवर उभी होती. शत्रू म्हणजे आपण, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

ती बांधावर परतली तोवर झोपडं उरलं नव्हतं. नाथाजीच्या गड्यांनी छप्पर ओढून काढलं होतं, म्हातारी उन्हात बसली होती. नाथाजीनं तिच्या पाटीतला तांदळा उचलून दगडावर आपटला होता आणि त्याचे तुकडे म्हातारी हातांनी चाचपत होती.

"मने, ह्यो कशाचा दगड गं?"

"बांधाचा, आये. टाक त्यो."

"आन् माझा देव?"

"मी घेतलाय संगं." मनुबाईनं पाटीत बांधावरचा एक गोटा ठेवला आणि म्हातारीचा हात त्याच्यावर नेला. म्हातारीनं तो चाचपला, बराच वेळ चाचपला, मग पाटी मांडीवर ओढून घेतली.

कडेगावकडं दुष्काळी कामं सुरू झाली होती. खडी फोडायची, त्यावर पोटाला सरकारी सुकडी मिळायची. माणसं न्यायला ट्रक यायचा. गावातलं दुसरं कुणी दाराशी उभं करणार नव्हतं, म्हणून मायलेकी वडाखाली दोन दिवस काढून तिसऱ्या दिवशी ट्रकात चढल्या. ट्रक निघणार तेवढ्यात शांतवन धावत आला आणि फळीला धरून उभा राहिला.

"पाळकसायेब म्हनत्यात, तू खरं बोललीस. रविवारी ये. दाराशी बसायला हरकत न्हाई."

"आयेला घिऊन?"

त्यानं म्हातारीकडं बघितलं. मग म्हणाला, "लाजरसतात्या मिरजंची पोरगी बघतोय माझ्यासाठी. मी हो म्हनलं न्हाई अजून."

मनुबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. त्याचे हात ट्रकाच्या फळीवर होते, चुन्यानं फुटलेले, तिला पाठ असलेले. तिनं चेचलेल्या करंगळीच्या हातानं त्याची बोटं एकेक करून फळीवरून सोडवली.

ट्रक हलला. धूळ उडाली तशी धोंडुबाई खोकली आणि तिनं विचारलं, "कोन हुतं गं?"

"कोन न्हाई," मनुबाई म्हणाली आणि तिनं आईच्या पायांवर गोणपाट ओढलं.