दुसरी वेलांटी

राउटरवरचा दिवा लाल झाला आणि ताईला तो स्वतःचा अपमान वाटला. लाल रंगावर तिचा हक्क होता. उभी हयात तिनं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली होती. लेखक कितीही मोठा असो, त्याच्या पानावर लाल खुणा करायच्या त्या ताईनं. आज हा टीचभर डबा तिच्याच घरात बसून तिलाच लाल खूण दाखवत होता, आणि चूक काय ते सांगतही नव्हता.

"अरे, निदान समासात तरी लिहावं माणसानं," ती त्याला म्हणाली.

एरवी इंटरनेट गेल्याचं तिला सोयरसुतक नसे. मोबाइलवर तर तिनं नेट घेतलंच नव्हतं. घरात नळ असताना बाटली कशाला विकत घ्यायची, असा तिचा बाणा. पण आज पाच वाजता धाकटी वाचणार होती.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, समोरच्याच दारात राहणारी. मधे चार पावलांचा जिन्याचा पॅसेज, आणि गेल्या उन्हाळ्यापासूनचा अबोला. कारण ऐकाल तर हसाल. धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा एक लेख लिहिला, तोही ताईवर. वर मथळा घातला 'माझी बहिण', आणि लाजत लाजत कागद ताईच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा पान कसलं, गोवर आल्यासारखं दिसत होतं. पहिली लाल खूण मथळ्यावरच होती.

"कसा वाटला?" धाकटीनं विचारलं होतं.

"ठीक आहे. पण 'बहीण'ला दुसरी वेलांटी, दीर्घ. साठी उलटली तरी चुकतेसच तू."

धाकटीनं कागद घडी करून पिशवीत टाकले. "ताई, तुला वेलांटी दिसली," ती म्हणाली, "बहीण नाही दिसली." आणि गेली. तेव्हापासून दोन्ही दारं बंद.

आता धाकटी कुठल्याशा बायकांच्या लेखनमंडळात तो लेख ऑनलाइन वाचणार होती. त्याची लिंक भाच्यानं परगावाहून ताईला गुपचूप पाठवली होती. "मावशी, आईला सांगू नकोस हं मी दिली म्हणून." ताईचा बेत साधा होता. टॅबवरचा कॅमेरा बंद ठेवायचा, कोपऱ्यात बसून ऐकायचं आणि पसार व्हायचं. कारण अबोल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि ती तिला सलत होती. त्या लेखातल्या चुका तिला सगळ्या आठवत होत्या. लेख मात्र आठवत नव्हता. आपल्या एकुलत्या एक बहिणीनं आपल्याबद्दल काय लिहिलं, हे तिला ठाऊकच नव्हतं. आज ऐकायचं हुकलं तर पुन्हा विचारायचं कुठल्या तोंडानं?

तेव्हा ताईनं भिंग काढलं. राउटरच्या पाठीमागे एक बारीक भोक होतं आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. छापखान्यातला कुणीही ती वाचू शकला नसता, ताईनं वाचली. 'रीसेट.' वाचता आलं म्हणजे कळलंच, अशी तिची आयुष्यभराची समजूत. तिनं टाचणी घेतली, भोकात खुपसली आणि चांगली दाबून धरली.

सगळे दिवे विझले. मग एकेक करून लागले, पण आता टॅबला घरचं नेट ओळखूच येईना. आधी फक्त आजारी असलेला राउटर ताईनं ठार वेडा करून ठेवला होता.

तिनं हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ पिपाणी ऐकवून झाल्यावर एका बाईचा आवाज आला.

"नमस्कार मॅडम, आपलं तक्रार काय आहे?"

"आपली," ताई म्हणाली.

"नाही मॅडम, माझी नाही, तुमची तक्रार."

"तेच म्हणतेय मी. तक्रार स्त्रीलिंगी आहे. आपली तक्रार."

पलीकडे बाई हसली. "बरं मॅडम. आपली तक्रार काय आहे?"

ताईनं सगळं सांगितलं, टाचणीसकट.

"अगं बाई! रीसेट केलात?" हेल्पलाइनवरची बाई औपचारिक भाषा विसरली. "सांभाळून घेऊ. आधी मला सांगा, तो लाल दिवा टाचणीच्या आधीपासून होता? मग मागची जाड वायर काढा आणि परत घाला. टक् असा आवाज यायला हवा."

ताईनं वायर हातात घेतली तर ती नुसती टेकलेली. सकाळी झटकायला काढली तेव्हा तिनंच ती सैल केली असणार. तिनं ती आत रेटली. टक्. लाल दिवा नारिंगी होऊन लुकलुकायला लागला. म्हणजे मूळ दुखणं होतं एवढंसं, आणि बाकी सगळा उपद्व्याप टाचणीचा! ताईनं हे फोनवर बोलून दाखवलं नाही.

"आता राउटरला कंपनीचा पासवर्ड परत द्यायचा," बाई म्हणाली. राउटरच्या पोटावर छापलेलं नाव आणि आकडे वाचायला लावून तिनं आधी टॅब राउटरला जोडून घेतला आणि मग ताईकडून त्यावर एक पान उघडून घेतलं. त्यात दोन चौकटी होत्या. पहिलीत ग्राहक क्रमांक गेला. "आणि दुसरीत पासवर्ड. कनेक्शन घेतलं तेव्हा तुम्ही ठेवलेला."

तो ताईनं ठेवला नव्हता. दोन्ही घरांची कनेक्शनं धाकटीनंच घेतली होती, कारण असल्या गोष्टीत ताई नुसती भिंग घेऊन उभी असे. तेव्हा धाकटी म्हणाली होती, "तुझा पासवर्ड 'बहीण', आणि पुढे आपल्या दोघींच्या दारांचे नंबर. हे विसरलीस तर बघ." ताई विसरली नव्हती.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितानाही ताईचा कायदा असे: पहिल्या वेलांटीला एक आय, दुसरीला दोन ई. तिनं 'बहीण'मध्ये दोन ई घातले, पुढे नंबर लिहिले आणि बटण दाबलं.

पासवर्ड चुकीचा आहे.

"मी चुकत नाही," ताई म्हणाली. तिनं नंबर उलटसुलट केले. चूक. सुरुवातीचं अक्षर मोठं केलं. चूक. पाच वाजून गेले होते आणि नारिंगी दिवा आपला लुकलुकतोय. ताईनं फोन कानाला लावूनच दार उघडलं आणि पॅसेजमध्ये जाऊन धाकटीच्या दाराला दुसरा कान लावला. आतून बोलण्याची नुसती गुणगुण येत होती, शब्द एकही नाही. सत्तरीला आलेली बाई दुसऱ्याच्या दाराला कान लावून उभी! कुणी पाहिलं असतं तर? ती चटकन घरात आली.

"मॅडम, आता जपून हं. अजून एकदा चुकलं तर लाइन लॉक होईल," हेल्पलाइनवरची बाई म्हणाली. "मी नवा पासवर्ड मागवू शकते, पण तो उद्या येईल."

"उद्या येऊन काय उपयोग? माझी बहीण आत्ता वाचतेय!" ताईचा आवाज चिरकला. परक्या बाईपुढे असा आवाज निघाल्याचं तिला नवल वाटलं.

"पासवर्ड कुणी ठेवला होता मॅडम?"

"तिनंच. धाकटीनं."

"मग तुम्ही कसं लिहिता ते सोडा. त्या कसं लिहितात?"

धाकटी कसं लिहिते, हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत होतं? शाळेपासून एकच चूक, एकाच शब्दात, सांगून सांगून जीभ झिजली तरी तीच. आता ती चूक ताईनं करायची होती, स्वतःच्या हातानं. तिनं दोन ई खोडले. त्या जागी एक आय लिहिला, नंबर तपासले आणि डोळे मिटून बटण दाबलं.

दिवा हिरवा झाला.

"झालं ना मॅडम? आपली तक्रार मिटली?"

"मिटली," ताई म्हणाली. "आणि अगदी शुद्ध बोललात."

टॅबवर पंधरावीस चौकटी उघडल्या. एकीत धाकटी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नजर कागदात. ताईची चौकट काळी होती, पण तिच्यावर, टॅब लावून देताना, भाच्यानं ठसठशीत अक्षरांत 'ताई' असं नाव घालून ठेवलेलं. मेल्यानं पार घात केला होता! पण धाकटी वर बघतच नव्हती. अर्धा लेख वाचून झाला होता.

"...मी निबंध लिहिला की ताई लाल पेन्सिल घेऊन बसायची," धाकटी वाचत होती. "घरात माणसं खूप, कामं खूप, माझ्याकडे बघायला कुणाला सवड नसायची. पण चूक सापडली की ताई म्हणायची, ये, बस इथे, समजावते. मग ती माझ्याजवळ बसायची. जेवढ्या चुका जास्त, तेवढा वेळ जास्त. मला 'बहीण' कशी लिहायची ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी मी मुद्दाम चुकवत राहिले. अजूनही चुकवते. ताईला वाटतं, मला येत नाही."

ताईच्या हातातलं भिंग मांडीवर पडलं. हा परिच्छेद तिनं तपासला होता. यात तिनं एक अनुस्वार घातला होता आणि एक स्वल्पविराम काढला होता. आणि कानांनी ऐकताना तर ह्रस्व काय नि दीर्घ काय, कशाचाच पत्ता लागत नव्हता. धाकटी 'बहीण' म्हणत होती ती अगदी बरोबर म्हणत होती. ताईला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही, कॅमेरा बंदच होता.

वाचन संपलं. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, ज्यांना अभिप्राय द्यायचाय त्यांनी खाली लिहावा.

ताई लिहायला बसली. 'माझी ब' इतकं होताच टॅबनं आगाऊपणा करून 'बहीण' असा शब्द पुढे केला, दुसऱ्या वेलांटीचा, बिनचूक. ताईनं त्याला झिडकारलं. एकेक अक्षर शोधून, दाबून तिनं वाक्य पुरं केलं: 'माझी बहिण फार छान लिहिते.' एकदा वाचून पाहिलं. डोळ्यांत खुपत होतं. तिनं ते तसंच पाठवलं.

पडद्यावर धाकटी वाकली. चष्मा वर ढकलून तिनं काहीतरी वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिच्या चौकटीत नुसती खुर्ची उरली.

ताईच्या दाराची बेल वाजली. दारात धाकटी उभी, हातात अजून ते कागद, नाक लाल.

"ताई," ती म्हणाली, "'बहीण'ला दुसरी वेलांटी असते."

"असेल बाई. मला नाही कळत त्यातलं," ताई सोफ्यावर सरकून जागा करत म्हणाली. "ये, बस इथे. समजाव."

"वेळ लागेल हं," धाकटी म्हणाली, आणि बसली.