अकरावं नाव

धाडपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावात, फाट्यालगत, शालिग्रामचं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. दुकान खरं तर त्याची बायको सत्यभामाबाईच चालवायची, कारण शालिग्रामचा सगळा जीव बातम्यांत. बुलढाण्याहून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकाचा तो बावीस वर्षांपासून वार्ताहर होता. खून, अपघात, राजकारण या बातम्या शहरातली माणसं करायची. शालिग्रामच्या वाट्याला यायच्या त्या घरगुती बातम्या. कोणाच्या पोरीचं साक्षगंध झालं, कोणाचा मुलगा पोलिसात लागला, कोणत्या गल्लीत हळदीकुंकू झालं, शाळेची सहल लोणारला जाऊन सुखरूप परतली. या बातम्या हलक्या आहेत असं त्याला कधी वाटलं नाही. उलट पेपरात नाव आलं की माणसाची मान कशी ताठ होते हे त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं, की आपण गावाला काहीतरी देतो असा त्याचा ठाम समज होता.

हिवाळा म्हणजे त्याची सुगी. सोयाबीन कधीच निघालेलं असायचं, कापूस वेचून होत यायचा, माणसं जरा मोकळी व्हायची आणि रोज कुठेतरी काही ना काही असायचंच. शालिग्राम कानटोपी घालून मोटारसायकलवर हिंडायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि डायरीत नावं उतरवून घ्यायचा. नावांबाबत त्याचा एक नियम होता. फोटोत जितकी डोकी, तितकी नावं. एक जरी नाव सुटलं तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून जातो, हे तो अनुभवानं शिकला होता. या नियमाचा त्याला थोडा गर्वच होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सहदेवच्या शेतात हुरडा होता. सहदेव आणि त्याची बायको अन्नपूर्णाबाई भाजीपाला करायचे. मेथी, पालक, वांगी. त्या वर्षी बांधालगतच्या तुकड्यात हुरड्याची ज्वारी पेरली होती आणि ती नामी आली होती. सहदेवनं बुद्धविहाराच्या मंडळातली माणसं बोलावली, शेजारची दोन घरं बोलावली, आणि बातमी यावी म्हणून शालिग्रामलाही आग्रहानं बोलावलं. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होती. सहदेव ती हातावर चोळून गरम दाणे ज्याच्या त्याच्या पुढ्यात टाकत होता. तिळाची चटणी होती, गूळ होता, दही होतं. ऊन कोवळं होतं आणि सगळे खुशीत होते.

तिथे रेणुका होती. अन्नपूर्णाबाईच्या चुलत बहिणीची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. डिसेंबरात आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, काजलला, घेऊन ती भोकरदनकडच्या सासरहून मावशीकडे आली होती. मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून मदतीला आली, असं गावात सांगितलं होतं आणि गावानं ते खरं मानलं होतं. शालिग्रामनं सगळ्यांना एका रांगेत उभं करून फोटो काढला तेव्हा ऐन वेळी तिनं मान वळवली. नंतर तो हात धुवायला पाण्याच्या ड्रमाशी गेला तर ती मागोमाग आली.

"काका, पेपरात माह्यं नाव नका टाकू," ती हळू आवाजात म्हणाली.

त्यानं कारण विचारलं. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते, एकाखाली एक, कोणीतरी नेम धरून दिल्यासारखे.

"तो मले शोधून राह्यला. भावाच्या घरी दोनदा येऊन गेला. मावशीचं घर त्याले ठावं नाही."

 शालिग्रामलाही एक मुलगी होती, अकोल्याला दिलेली. नाही टाकत पोरी, तू बिनघोर राहा, असं त्यानं तिला सांगितलं, आणि सांगितलं तेव्हा ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

संध्याकाळी दुकानात बसून त्यानं बातमी मोबाइलवर टाइप केली. नावं लिहून झाल्यावर सवयीनं मोजली. फोटोत अकरा जण, नावं दहा. तो थांबला. फोटो कापावा तर रेणुका मधेच उभी होती. दुसरा फोटो घ्यावा तर त्यात सहदेवचे डोळे मिटलेले. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. आपला पेपर भोकरदनकडे जातो कुठे, असं त्याच्या मनात आलं. आडनाव नाही, सासरचं गाव नाही, नुसत्या नावानं काय कळतं? दहा नावांची ती ओळ त्याला अपुरी वाटत राहिली, जेवणात मीठ नसल्यासारखी. शेवटी त्यानं लिहिलं, 'तसेच रेणुकाताई (पाहुण्या)', आणि बातमी पाठवून दिली.

मंगळवारी पेपर आला. सहदेवनं पाच प्रती नेल्या. त्याचं नाव पेपरात पहिल्यांदाच आलं होतं. दुपारी अन्नपूर्णाबाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात पेपराची घडी होती. सत्यभामाबाई काउंटरवर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"भाऊ, तिनं तुमाले सांगतलं होतं ना?"

नुसतं नाव आहे वहिनी, आडनाव नाही, असं शालिग्राम म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला. अन्नपूर्णाबाईंनी घडी काउंटरवर ठेवली आणि निघून गेल्या. मग सत्यभामाबाईनं त्याला खोदून विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं. तिनं काउंटरवरची घडी उचलली आणि ती बातमी पुन्हा वाचली.

तीन दिवस गेले, चार गेले. काही झालं नाही. शालिग्रामचा जीव भांड्यात पडला. आपण उगाच घाबरलो असं त्याला वाटू लागलं. त्याला हे माहीत नव्हतं की मंडळातल्याच कोणीतरी कौतुकानं त्या बातमीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला होता, आणि बुधवारीच भोकरदनकडच्या एका मोबाइलवर पोचला होता.

पुढच्या सोमवारी अकराच्या सुमारास एक पांढरी जीप अंगणवाडीपुढे थांबली. त्यातून रेणुकाचा नवरा उतरला. नीट कपडे, केस विंचरलेले, हातात बिस्किटांचा पुडा. अंगणवाडीच्या बाईनं त्याला अडवलं, पण तोवर काजल 'पप्पा' म्हणत पळत आली आणि त्याच्या पायाला बिलगली. पोरगीच अशी बिलगल्यावर बाईनं काय करावं? तिनं सहदेवच्या घरी निरोप धाडला. तोवर त्यानं काजलला कडेवर घेतलं, शांतपणे जीपमध्ये बसवलं, आणि जाताना बाईला सांगितलं, "तिच्या मायले म्हना, पोरगी पाह्यजे असंन तर घरी ये."

रेणुका शेतात मेथी उपटत होती. निरोप मिळाल्यावर ती तशीच मातीच्या हातांनी धावत आली, पण जीप कधीच निघून गेली होती. अन्नपूर्णाबाई तिला म्हणाल्या, पोलिसात जाऊ, आत्ताच्या आत्ता जाऊ, सहदेव गाडी काढतो. रेणुकानं हातपाय धुतले, पिशवीत दोन साड्या आणि काजलचा स्वेटर भरला. ती रडली नाही.

"मावशी, पोलीस, कोर्ट, हे सारं होईल तवा होईल," ती म्हणाली. "पन आज ते पोरगी कोनापाशी झोपंल?"



दोनच्या बसची वाट पाहत रेणुका फाट्यावर उभी राहिली. शालिग्रामच्या दुकानातून ती सरळ दिसत होती, मधे फक्त रस्ता. गावभर बातमी पसरली होती, ती त्यालाही कळली होती. त्याला वाटलं, जावं, पाय धरावे, जाऊ नको म्हणावं.  पण तो झेरॉक्सच्या मशीनमागेच उभा राहिला आणि कागदाचा गठ्ठा उगाच नीट करत राहिला. सत्यभामाबाई मात्र रस्ता ओलांडून गेली. तिनं पाण्याची बाटली रेणुकाच्या हातात दिली, अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. बस आली, रेणुका चढली. सत्यभामाबाई परत आली ती सरळ घरात गेली.

त्यानंतर शालिग्राम हिंडला, पण पहिल्यासारखा नाही. एका हरिनाम सप्ताहाची बातमी दिली, देऊळघाटच्या एका लग्नाची दिली. नावं लिहायला घेतली की बोट थांबायचं. लोक म्हणायचे, भाऊ, आमच्या मामाचं नाव राह्यलं. तो म्हणायचा, राहू द्या.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. थंडी उतरत आली होती. एका दुपारी सहदेव धाडच्या बसस्टँडवर भाजीचं पोतं उतरवत होता, तर भोकरदनच्या बसमधून रेणुका उतरली. एकटी. उजवा हात ओढणीत बांधलेला, एक डोळा सुजून बंद, आणि श्वास घेताना ती वाकत होती. सहदेवनं पोतं तिथंच टाकलं आणि मिळेल त्या गाडीनं तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. हात मोडला होता, तीन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, जिन्यावरून पडले. महिला पोलीस आली, तिलाही तेच सांगितलं. काजल तिकडेच होती, सासूपाशी. आपण तोंड उघडलं तर पोरीचं काय होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाईनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. तुमी नाही आले तर मी एकटी जाते."

दवाखान्यात अन्नपूर्णाबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी शालिग्रामला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. येताना बसमध्ये त्यानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. चूक माझी झाली पोरी, नाव मी टाकलं, एवढंच कसंबसं म्हणाला.

"मले माहीत हाये," रेणुका म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "त्यानं पेपराचा तो फोटो मोबाइलात ठेवला होता. मारायच्या आंधी मले वाचून दाखवायचा. हुरडा खाऊन राह्यली होती म्हने. पाहुनी म्हने."

शालिग्रामनं पलंगाची दांडी धरली. त्या दोन ओळी त्यानं लिहिल्या होत्या. बावीस वर्षांत लिहिलेल्या हजारो ओळींत कोणी इतक्या वेळा वाचलेल्या त्या दोनच असतील. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत नव्हतं, त्याच्या मात्र दोन्ही डोळ्यांतून येत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली, कारण रडायचा हक्क आपला नाही हे त्याला कळत होतं.

 मग रेणुकाच म्हणाली, "त्या दिवशी शेतात म्या तुमाले हात दाखवला होता. डाग पाह्यले होते तुमी."

"पाहिले होते."

"कोर्टात सांगसान? म्या काय म्हटलं होतं तेही?"

"सांगीन. आणि नाव मी टाकलं तेही सांगीन."

तिनं मावशीकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. "मंग त्या पोलीस मॅडमले बलवा," रेणुका म्हणाली. "जिन्यावरून पडली नाही म्हना."

जबाब झाला. तो लिहायला दोन तास लागले, कारण तिला मधे मधे श्वास पुरत नव्हता. त्यानंतर शालिग्रामचा जबाब झाला. आपण शब्द दिला होता आणि मोडला, हे त्यानं महिला पोलिसापुढे जसंच्या तसं सांगितलं. तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागली. त्याच आठवड्यात रेणुकाच्या नवऱ्याला अटक झाली. पंधरा दिवसांत तो जामिनावर सुटलाही. काजलच्या ताब्याचा अर्ज कोर्टात पडला. निकाल होईपर्यंत ती आजीपाशी, आणि महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारात आईला तासभर भेट, असं ठरलं. पहिल्या भेटीला काजल आईजवळ आली नाही. हाताचं प्लास्टर पाहून ती आजीच्या मागे लपली.

शालिग्रामनं पेपरला कळवून टाकलं की आपल्याच्यानं आता होत नाही. त्यांनी गावातला दुसरा माणूस धरला. कोर्टाच्या पहिल्या तारखेला शालिग्राम गेला तेव्हा रेणुका लांबच्या बाकावर बसली होती. तिनं त्याला पाहून मान हलवली, इतकंच. साक्ष त्या दिवशी झाली नाही, पुढची तारीख पडली.

मार्चच्या अखेरीस धाडच्या आठवडी बाजारात त्याला अन्नपूर्णाबाई दिसल्या. मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. ऊन आता चटकू लागलं होतं. तो पुढ्यात उकिडवा बसला. तारखेचं बोलणं झालं, गुडघ्यांची चौकशी झाली. रेणुका त्यांच्याकडे राहत नाही, हे त्यानं गावात ऐकलं होतं. तिला त्यांनी कुठेतरी दूर ठेवलं होतं, एका संस्थेत म्हणे, कोणी म्हणे नाशिककडे.

"वहिनी, रेणुका सध्या कुठे असते?" त्यानं विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी जुड्यांवर पाणी शिंपडलं. शेजारची बाई भाव सांगत होती, कोणीतरी वांगी निवडत होतं. 

"बरी हाये," त्या म्हणाल्या.

तो पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबला. पुढचा शब्द आला नाही. तेव्हा त्याला समजलं, आणि बरोबरच आहे असंही वाटलं. त्यानं मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या, येतो म्हणाला, आणि गर्दीतून वाट काढत स्टँडकडे निघाला.