मागाजवळचं स्टूल

बाबांच्या पोटावर सुयांनी आलेल्या गाठी चुकवत शेजारची नर्स लल्ला रफिका रोज सकाळी सुई टोचायची. सुईची नळी कमरेच्या पिशवीतल्या छोट्या यंत्राला जोडलेली, आणि ते यंत्र दिवसभर थेंब थेंब औषध अंगात सोडायचं. आधी कंपवाताच्या गोळ्या होत्या. गोळी चढली की दोन तास माणूस, उतरली की हातापायांना कुलूप. आमच्या महदिया गावात रेशमाचा विणकर म्हटलं की लोक माझ्या बाबांचं, हसूनाचं नाव घ्यायचे, आणि त्यांना चमचा तोंडापर्यंत नेता येईना. मला बघवत नव्हतं.

माझ्या लग्नाचा शेला मागावर अर्धा राहिला होता. औषधाचा वेग वाढवला आणि बाबा पुन्हा मागावर बसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बजावलं होतं, "नसलेलं माणूस दिसायला लागलं, तर त्याच दिवशी फोन कर. वेग उतरवावा लागेल."

आठवड्याभरात बाबा विणता विणता हातातला धोटा थांबवून म्हणाले, "नाझिहा, ते स्टूल हलवू नकोस. ती बसलीय."

त्या स्टुलावर बसून आई धाग्याच्या कांड्या भरायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"फोन करू नकोस गं," बाबा म्हणाले. "दोनच वीत राहिलंय. वेग उतरला की हे हात गेलेच समज."

गुरुवारी संध्याकाळी घरची गेलेली माणसं घराकडे एक फेरी मारतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आईला कसलं घाबरायचं? उलट बरंच वाटलं. मी लोबान जाळला, स्टुलापाशी भाकरी आणि ऑलिव्हचं तेल ठेवलं.

लल्ला रफिकानं नाक वर करून हुंगलं. "कुणासाठी गं हा थाट?"

"डासांसाठी." खोटं बोलण्यात मी कुणाला हार जायची नाही.

शेला वाढत गेला. बाबा कधी नव्हे ते खुशीत होते. फक्त स्टूल रोज थोडं मागाकडे सरकलेलं असायचं. बाबाच सरकवत असणार, असं मी धरून चालले.

शेला विणायचा चार बोटं उरला त्या दुपारी मी सहज विचारलं, "आईनं आज काय घातलंय?"

"आई?" बाबांचा धोटा थांबला नाही. "तुझी आई एकदाही आली नाही गं. ही कुणी दुसरीच. पाठमोरी बसते. बोलत नाही, पण मला कळतं. शेला मागावरून उतरला की ती वळणार, मग आम्ही दोघं निघणार."

"कुठे?"

बाबांनी हनुवटीनं खिडकी दाखवली. बाहेर समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या पांढऱ्या कबरी होत्या.

इतके दिवस मी भाकरी कुणाला वाढत होते? मी फोन उचलला.

"चार बोटं, पोरी! चारच!" बाबा ओरडले. मी ऐकलं नाही. लल्ला रफिका धावत आली आणि डॉक्टरीणबाई फोनवर सांगत गेल्या तसा तिनं वेग उतरवला.

हळूहळू बाबांचे हात मागावरच थिजले. मी त्यांची बोटं एकेक करून धोट्यावरून सोडवली आणि ढसाढसा रडले. ते हात मीच त्यांच्याकडून काढून घेतले होते.

दिवेलागणीला मी विचारलं, "बाबा, गेली का ती?"

बराच वेळ ओठ नुसते हलले. मी कान तोंडाशी नेला.

"वळली," ते म्हणाले. "दाराशी जाऊन हात पुढे केला. मी उठायला गेलो गं. पण पाय उचललेच नाहीत."

लग्नात मी मावशीचा शेला पांघरला. माझा अजून मागावरच आहे. त्या चार बोटांना मी कुणाला हात लावू देत नाही.